पत्त्यांच्या टेबलावरचा भूगर्भशास्त्र विभाग

नेव्हा स्टॅम्परने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत एकाही पोरावर आवाज चढवला नाही. तशी वेळच आली नाही. दंगा वाढला की ती बस रस्त्याच्या कडेला घ्यायची, इंजिन बंद करायची, पर्समधून खारवलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढायची आणि समोरच्या डोंगराकडे बघत एकेक दाणा खात बसायची. मागे पोरांची कुजबुज सुरू व्हायची, की आज घरी पोचायचं काही खरं नाही. दहाव्या-बाराव्या दाण्याला बस इतकी शांत व्हायची की खालच्या ओढ्याचं पाणी ऐकू यायचं. मग ती पुडी गुंडाळून ठेवायची आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने गिअर टाकायची.

आता ती सदुसष्टची होती आणि बस सोडून पाच वर्षं झाली होती. पण केंटकीच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात पन्नाशीच्या आतला जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या चौदा नंबरच्या बसमधून शाळेत गेलेला. पोस्टात, बँकेत, कोर्टाच्या खिडकीवर, कुठेही नेव्हाने पर्स उघडली की समोरचा माणूस नकळत ताठ बसायचा.

ऱ्होंडा ही तिची मुलगी, लेक्सिंग्टनला इस्पितळात नर्स. आठवड्याचे पाच दिवस ती तिकडेच राहायची. तिची पोरगी लेनी शाळा बदलायला नको म्हणून आजीकडे, तिच्या 'मॅमॉ'कडे, होती. दोन वर्षांपूर्वी वसंतातल्या पावसात नेव्हाच्या घरामागचा डोंगर जागचा हलला आणि टोमॅटोचा वाफा कोंबड्यांच्या खुराड्यासकट दहा पावलं खाली येऊन बसला. चर्चमधल्या लोकांनी येऊन प्रार्थना केली, शेजाऱ्यांनी फोटो काढले, आणि विमेवाल्याने सांगितलं की डोंगर विम्यात येत नाही. लेनीने मात्र एक काठी घेतली, तिच्यावर चाकूने खुणा केल्या आणि दर रविवारी भेगेची रुंदी वहीत लिहायला लागली. वही भरली तेव्हा तिने जाहीर केलं, की आपण भूगर्भशास्त्र शिकणार.

त्यात अडचण काहीच नव्हती. घरापासून वीस मिनिटांवर लॉरेल फोर्कचं सरकारी कॉलेज होतं आणि तिथे हा विषय होता. राज्यातल्या पोरांना फी कमी, राहायला आजीचं घर, आणि वर राज्याच्या लॉटरीतून मिळणारी शिष्यवृत्ती. लॉटरी हे पाप आहे, असं चर्चमध्ये वर्षातून एकदा तरी सांगितलं जायचं आणि त्याच पैशांवर शिकलेली नातवंडं पहिल्या बाकावर बसून ते ऐकायची. फक्त ही शिष्यवृत्ती राज्याची हद्द ओलांडत नव्हती.

मग राज्याने कॉलेजांचं अनुदान कापलं. हे काही पहिल्यांदा नव्हतं. आधीच्या कपातीत कॉलेजची लिफ्ट गेली होती, म्हणजे बंद पडली आणि दुरुस्त झाली नाही. त्याच्या आधीच्या कपातीत दर दुसरा दिवा गेला. यंदा दिवे संपले होते, म्हणून विषयांवर वेळ आली. मार्चअखेर ज्या विभागाच्या पटावर पंधराहून कमी विद्यार्थी असतील तो विभाग बंद होण्याच्या यादीत जाईल, असं जानेवारीत जाहीर झालं. भूगर्भशास्त्राच्या पटावर सहा नावं होती.

ऱ्होंडा त्या शनिवारी आली तीच टेनेसीतल्या एका खाजगी कॉलेजचं पत्र घेऊन. त्यांनी लेनीला घ्यायची तयारी दाखवली होती. उरलेल्या खर्चासाठी कर्ज काढावं लागणार होतं. ऱ्होंडा जेवायला बसली, पण मक्याच्या पावाचा तुकडा नुसता कुस्करत राहिली. आपलं स्वतःचं कर्ज लेनी दहा वर्षांची होईपर्यंत फिटलं नव्हतं हे तिने सांगितलं, आणि तरीही पोरीला बंद पडणाऱ्या कॉलेजात घालणार नाही, हेही सांगितलं. दुसऱ्या वर्षी दाराला कुलूप लागलं तर पोरगी जाणार कुठे? लेनी मान खाली घालून घेवडा चिवडत होती. एक मेपर्यंत कुठल्या तरी एका कॉलेजला होकार कळवायचा होता.

त्या दिवशी नेव्हाने शेंगदाण्याची पुडी काढली तेव्हाच लेनीला कळायला हवं होतं.

दर गुरुवारी दुपारी चर्चच्या तळघरात रूकचा डाव बसायचा. रूकच्या पत्त्यांवर राजा, राणी, गुलाम नसतात. नुसते रंग, आकडे आणि एक कावळा. त्यामुळे जुगाराच्या पत्त्यांना हात न लावणाऱ्या बाप्टिस्ट माणसाला तो खेळायला हरकत नसते, आणि मन लावून फसवायलाही. तीन टेबलं, बारा माणसं. नेव्हाने त्या गुरुवारी केळ्याचं पुडिंग नेलं, तेही मोठ्या परातीत, तेव्हाच डेन्व्हर कॉडिलने चमचा खाली ठेवला.

डेन्व्हर एकोणचाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता आणि आता चौऱ्याहत्तर वर्षांचा विधुर होता. त्याने सांगितलं, की या बाईने शेवटचं इतकं पुडिंग आणलं होतं तेव्हा आपल्याला चर्चचं अख्खं छप्पर रंगवावं लागलं होतं.

"छप्पर नाही रे," नेव्हा म्हणाली. "या वेळी नुसतं बसायचंय."

तिने कायदा समजावून सांगितला. पासष्टच्या पुढच्या माणसाला राज्यातल्या सरकारी कॉलेजात फी नाही, हा नियम जुनाच होता. कोणी वापरत नव्हतं एवढंच. भूगर्भशास्त्राचा एक आठ आठवड्यांचा वर्ग मार्चमध्ये सुरू होणार होता, सोमवार-बुधवार, दुपारी चार वाजता. सहा अधिक नऊ म्हणजे पंधरा. आठ आठवडे खुर्चीत बसायचं, पट भरायचा, विभाग वाचवायचा आणि घरी यायचं.

बारातल्या दोघी अजून साठीच्या होत्या, म्हणजे कामाच्या नव्हत्या. पास्टरच्या बायकोने हे खोटं बोलणं आहे म्हणून अंग काढून घेतलं. नेव्हाने तिला विचारलं, की मी वर्गात जाणार, वही नेणार, पेन नेणार, यात खोटं काय? त्यावर तिने पुडिंग आणखी वाढून घेतलं, पण ती आली नाही. उरले नेमके नऊ.

अर्ज भरण्यात दोन गुरुवार गेले. ते अर्ज अठरा वर्षांच्या पोरांसाठी केलेले होते. आई-वडिलांचं शिक्षण विचारलं होतं तिथे डेन्व्हरने लिहिलं, 'वडील तिसरी, आई वडिलांपेक्षा हुशार.' पुढे कोणता व्यवसाय करायचा आहे, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं, 'जिवंत राहणं.' आयुष्यात मात केलेल्या एखाद्या अडचणीवर पाचशे शब्दांचा निबंध हवा होता. त्याने 'खाण' एवढंच लिहून खाली सही केली. ओपल फील्ड्सने वसतिगृहात खोली हवी का, यापुढे 'हो' अशी खूण केली. नवरा घोरतो म्हणाली. नेव्हाने ती खूण खोडायला लावली.

शाळेचे दाखले मिळवणं अवघड होतं, कारण निम्म्यांची शाळा एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या पुरानंतर पाडली होती. पण जुनी कागदपत्रं जिच्या ताब्यात होती ती बाई लहानपणी चौदा नंबरच्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसायची. नेव्हाने खिडकीपाशी जाऊन पर्स उघडली. दाखले दुपारी मिळाले.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट कपातीत गेलेली. पहिल्या सोमवारी नऊ जण साडेतीनलाच चढायला लागले. प्रत्येक मजल्यावर थांबून दम खायचा, मग वर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर डेन्व्हरने आपल्या फुप्फुसांत कोळशाची किती धूळ आहे ते सांगितलं आणि शिक्षण इतकं उंचावर ठेवतात म्हणूनच आमच्यापैकी कोणी शिकलं नाही, असा निष्कर्ष काढला. वरच्या मजल्याचं हीटिंगही बंद केलेलं होतं. ओपलने पुढच्या वर्गापासून गोधड्या आणल्या.

विभागात प्राध्यापक एकच उरल्या होत्या, लिंडग्रेनबाई. उत्तरेकडून, मिनेसोटातून आलेल्या, चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. कचऱ्याची टोपलीसुद्धा त्या स्वतः रिकामी करत. सहा पोरं आणि नऊ म्हातारे बघून त्यांनी आधी खोली चुकली का ते पाहिलं, मग हजेरी घेतली आणि शिकवायला लागल्या. पहिल्या आठवड्यातच त्यांनी नेव्हाला बाजूला घेऊन विचारलं, की तुम्ही लोक नक्की कशासाठी आला आहात? नेव्हाने विज्ञानाची ओढ, उतारवयातली जिज्ञासा वगैरे सांगायला सुरुवात केली.

"ते ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण गृहपाठ द्यावा लागेल. तो मी सोडणार नाही."

गृहपाठाचं नेव्हाने धरलंच नव्हतं. रूकच्या टेबलावर आता पत्त्यांऐवजी दगड दिसायला लागले. अभ्रक कुठला, गारगोटी कुठली, यावरून ओपल आणि नेव्हा दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. नेव्हाने एकदा ओपलच्या वहीतून उत्तरं उतरवली आणि ती सगळी चुकीची निघाली. लेनी हे सगळं बघून हसायची, दगड ओळखून द्यायची, पण कॉलेजचा विषय निघाला की उठून जायची. टेनेसीचं पत्र फ्रिजवर चुंबकाखाली होतं. ते कोणी काढलं नव्हतं.

मार्चच्या शेवटच्या बुधवारी डीन मोजणीला आले. डीन म्हणजे ट्रॅव्हिस आयसन. चौदा नंबरच्या बसमध्ये मधल्या सुट्टीचा डबा सीटखाली लपवून दुसऱ्याचा खाणारा ट्रॅव्हिस. पट हातात घेऊन ते मागच्या दारात उभे राहिले. नेव्हाने आपल्या माणसांना आधीच तंबी दिली होती: वह्या उघड्या ठेवा, ओपलला झोपू देऊ नका, आणि डेन्व्हर, तू काही बोलू नकोस.

नेमकं त्याच दिवशी लिंडग्रेनबाईंनी पडद्यावर एक चित्र लावलं. खाणीच्या छताचा फोटो, आणि छतात गोल, ताटाएवढा एक डाग. कोट्यवधी वर्षांपूर्वी उभ्याच्या उभ्या गाडल्या गेलेल्या झाडाचं हे दगड झालेलं खोड, खालून पाहिलेलं, असं त्या सांगत होत्या. डेन्व्हर उठून उभा राहिला. नेव्हाने त्याचा शर्ट ओढला, पण तो पुढे जात राहिला.

"आम्ही याला किटलीचं बूड म्हणतो," तो म्हणाला. "बाहेरून गुळगुळीत असतं, म्हणून धरून राहत नाही. खालचा कोळसा काढला की सुटतं. आवाज न करता येतं. माझा भाऊ आर्विल जेवायचा डबा उघडत होता."

लिंडग्रेनबाईंनी विचारलं, की ते ओळखायचं कसं? डेन्व्हरने त्यांच्या टेबलावरची हातोडी घेतली आणि छताला ठोकून बघायची रीत दाखवली: घट्ट दगड खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो, बद्द वाजलं की आधी पाय काढायचा आणि मग विचार करायचा. बाई पहिल्या बाकावर जाऊन बसल्या आणि लिहून घ्यायला लागल्या. सहाही पोरं लिहीत होती. चाळीस मिनिटं डेन्व्हर बोलत होता, आणि डीन मोजून झाल्यावरही दारातून हलले नाहीत.

वर्ग सुटल्यावर ट्रॅव्हिसने नेव्हाला जिन्यात गाठलं. तिने लगेच पर्सला हात घातला.

"ती पुडी राहू द्या, मिस नेव्हा," तो म्हणाला. "मी मोजले. पंधरा. तसंच लिहिणार आहे."

"मग चेहरा का असा?"

"कारण तुम्ही नऊच्या नऊ फुकट आहात." तो पायरीवर बसला. "राज्याकडून येणारे पैसे आटले, म्हणून कॉलेज आता फीवर चालतं. विश्वस्त आधी डोकी बघतात आणि मग प्रत्येक डोक्यामागे किती आले ते बघतात. तुमच्या डोक्यामागे शून्य आहे."

पासष्टच्या पुढच्यांना फी नाही, हे नेव्हाला तोंडपाठ होतं. फी नसली की मोजताना वजनही नसतं, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने पर्समधला हात रिकामाच बाहेर काढला.

एप्रिलच्या मध्यावर एका मंगळवारी विश्वस्तांचं पत्र आलं. भूगर्भशास्त्राला नवे विद्यार्थी घेणार नाहीत. मात्र पटावर असलेला विद्यार्थी शिकत राहील तोवर विभाग चालेल; कोणालाही अर्धवट सोडणार नाही. नेव्हाने ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि तिला वाटलं, झालं, आपण नऊ म्हाताऱ्यांची जागा वाचवली आणि ज्या एका पोरीसाठी हे केलं तिलाच बाहेर ठेवलं. तेवढ्यात ट्रॅव्हिसचा फोन आला. तो फार सावकाश बोलत होता, शेजारी कोणी ऐकत असल्यासारखं.

पटाची शेवटची तारीख शुक्रवार, दुपारी चार, असं त्याने सांगितलं. त्या वेळेपर्यंत नाव असलेला प्रत्येक जण पटावरचाच धरणार. उन्हाळी वर्गाची नोंदणीही त्यात येते. आणि हायस्कूलची शेवटच्या वर्षाची मुलं कॉलेजचा एखादा वर्ग आधीच घेऊ शकतात, हे तुम्हाला माहीत असेलच. शाळेतून एक अर्ज लागतो, खाली पालकाची सही. आपण हे केवळ माहिती म्हणून सांगतोय, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

नेव्हाने लेनीशी बोलायला शुक्रवारची वाट पाहिली नाही. पिकअप काढून ती थेट हायस्कूलला गेली आणि लेनीला रसायनशास्त्राच्या तासातून बाहेर बोलावलं. कोणीतरी गेलं की काय, अशा चेहऱ्याने लेनी आली. दोघी पिकअपमध्ये बसल्या आणि नेव्हाने सगळं सांगून टाकलं: पत्र, शुक्रवार, अर्ज, सही.

लेनीने जॅकेटच्या खिशातून एक दगड काढून डॅशबोर्डवर ठेवला.

"मॅमॉ, अख्ख्या शाळेला माहितीये," ती म्हणाली. "माझी आजी माझ्यासाठी कॉलेजात शिरली म्हणून. मला तीन आठवडे लोक दगड आणून देतायत."

"मग छान की."

"छान नाही. तू मला विचारलंस का, मला काय हवंय?"

नेव्हाकडे उत्तर होतं. तिच्याकडे उत्तर नेहमीच असायचं, पण या वेळी तिने ते गिळलं आणि विचारलं, "काय हवंय?"

लेनीने सांगितलं, की टेनेसीचं कॉलेज बघायला गेली तेव्हा तिला कोणीतरी विचारलं होतं, तुमच्याकडचा डोंगर का सरकला, आणि तिला तो डोंगर डोळ्यांसमोर नसताना नीट सांगताच आलं नव्हतं. तिला इथेच राहायचं होतं. भीती वेगळीच होती. चार वर्षांत सहा पोरं शिकून बाहेर पडतील, नऊ म्हातारे आठ आठवड्यांनी घरी जातील, आणि त्या थंड मजल्यावर आपण एकट्या उरू. एका मुलीसाठी लिंडग्रेनबाईंना कोण ठेवेल? 'अर्धवट सोडणार नाही' म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजच्या बसमध्ये बसवून देतील आणि शब्द पाळला म्हणतील.

नेव्हाला यात खोट काढता येईना. तिने स्वतःच असं कोणाकोणाला कशाकशात बसवून दिलं होतं.

"मी अर्ज भरते," लेनी म्हणाली. "पण तू सोडायचं नाहीस. चारही वर्षं."

"चार वर्षं? अगं, मी एकाहत्तरची होईन."

"ते तू आली नाहीस तरी होशीलच."

नेव्हाने घासाघीस सुरू केली. ती दोन वर्षं बसेल. ती बसेल, पण परीक्षा देणार नाही. ती परीक्षा देईल, पण रसायनशास्त्र घेणार नाही. लेनी प्रत्येक वेळी नुसती मान हलवत होती. हे पोरीने कोणाकडून उचललं, असा नेव्हाला क्षणभर प्रश्न पडला आणि मग तिने तो स्वतःशीच मिटवला.

"रूकवाल्यांचं मी बघते," ती म्हणाली. "डेन्व्हर येईल. त्याला आता शिकवायची चटक लागलीये."

"त्यांचं नाही विचारत. तुझं विचारतेय."

"गणितसुद्धा?"

"गणितसुद्धा. आणि ओपलच्या वहीतून नाही."

शाळेच्या आवारात घंटा झाली. पोरं बाहेर पडली, पिकअपकडे बघून कुजबुजत पुढे गेली. आज त्यांच्यातलं कोणीही ताठ झालं नाही, हे नेव्हाच्या लक्षात आलं.

"तुझ्या आईला कोण सांगणार?" तिने विचारलं.

"तू."

"मी गणित घेते. ऱ्होंडाला तू सांग."

लेनी त्या दिवशी पहिल्यांदा हसली, पण कबूल झाली नाही. शेवटी दोघींनी मिळून ऱ्होंडाला फोन लावायचं ठरलं, शाळेच्या कार्यालयातूनच, म्हणजे चारचौघांसमोर तिला ओरडता येणार नाही. ऱ्होंडा ओरडली नाही. तिने एकच विचारलं: चौथ्या वर्षी तिथे शिकवायला कोणी असेल, याची खात्री कोण देतं?

लेनीने फोन आजीच्या हातात दिला.

"मी देते," नेव्हा म्हणाली, आणि म्हणताना आपला आवाज बदलला हे तिलाच ऐकू आलं. "मी त्या वर्गात असेन, ऱ्होंडा. नापास होत होत का होईना, असेन."

पलीकडे ऱ्होंडा हसली की रडली ते कळलं नाही. माझ्या जागी तूच सही कर म्हणाली.

नेव्हाने पालकाच्या रेघेवर नाव लिहिलं आणि पेन ठेवायला गेली. लेनीने कार्यालयातल्या कॉलेजच्या अर्जांच्या गठ्ठ्यातून घेऊन भरलेला आणखी एक कागद तिच्यापुढे सरकवला. तो पुढच्या सत्राचा होता. विद्यार्थ्याचं नाव: नेव्हा स्टॅम्पर. पहिला विषय: बीजगणित, सकाळी आठ.

"आठ वाजता?" नेव्हाने विचारलं.

"वाचून सही कर," लेनी म्हणाली.